ग्रामीण महाराष्ट्रातील प्रसारमाध्यमे व कुमारवय : नभोवाणीपासून समाजमाध्यमांपर्यंत

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावी ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला. भोंगा होताच घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद व्हावेत, मुलांनी अभ्यासास बसावे, आणि साडेआठचा दुसरा भोंगा होईपर्यंत कोणी त्या यंत्रांस हात लावू नये, असे ग्रामसभेने ठरविले होते. करोनाच्या काळात शाळाच मोबाइलवर भरत होत्या. शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना, हे त्या ठरावामागील कारण. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी ग्रामपंचायतीने एक पाऊल पुढे टाकले. १८ वर्षांखालील मुलामुलींच्या हाती मोबाइल देऊच नये, असा तेथील ठराव होता.

हे दोन्ही ठराव एकाच जातीचे मानण्याची चूक वृत्तपत्रांनी केली. वस्तुतः त्यांची कुळे भिन्न आहेत. बान्सीच्या ठरावाचा पूर्वज शोधावयाचा तर तो दारूबंदीच्या चळवळीत सापडतो. गडचिरोली जिल्ह्यातील १९९३ ची दारूबंदी, पुढे गावोगावच्या स्त्रियांनी ‘आडवी बाटली’साठी केलेले मतदान, ह्या अनुभवातून ग्रामसभेस बंदीची भाषा अवगत झाली, आणि ‘व्यसन’ हा शब्द बाटलीवरून उचलून मोबाइलवर ठेवणे तिला सोपे गेले. परंतु शब्द उचलला की त्याच्या मागोमाग त्याचा अर्थव्यूहही येतो. ‘व्यसनी’ म्हटल्याबरोबर मूल दोषी ठरते. त्याला काही सांगावयाचे असेल, ही शक्यताच मावळते. वडगावचा भोंगा मात्र मुलांइतकाच थोरांनाही लागू होता. तेथे वस्तूवर बंदी नव्हती, फक्त वेळेला कुंपण होते.

बंदीचा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. तरुण पिढीची अभिरुची बिघडते ह्या चिंतेने त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी संचाची सुई फिरवून ‘रेडिओ सिलोन’ लावले. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली होती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून शासनाला गीतांसाठी आपलेच दार उघडावे लागले. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना १० डिसेंबर २०२५ पासून जो मज्जाव केला, त्याचा विचार करतानाही ही फिरलेली सुई विसरता येत नाही.

ह्याहून अधिक अभ्यसनीय असा एक प्रयोग त्याच दशकात मराठी मुलखात झाला, आणि आज तो बहुतेकांस ठाऊकही नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. सुमारे वीस गावकरी एकत्र बसून तो ऐकत, आणि संच बंद झाल्यावर खरे काम सुरू होई : ऐकलेल्यावर चर्चा. मंडळांचे प्रश्न केंद्राकडे जात व पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे येत. टाटा समाजविज्ञान संस्थेकडे ह्या प्रयोगाचे मूल्यमापन होते, व ते समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय वाढ झाली; मंडळ नसलेल्या गावांत, मग तेथे संच असो वा नसो, ती नगण्य राहिली. म्हणजे फरक संचाने पडला नाही, संचाभोवतीच्या बोलण्याने पडला. ही मंडळे प्रौढांची होती व विषय शेती-आरोग्याचे होते, हे खरे. तथापि निष्कर्षाची दिशा त्यामुळे बदलत नाही.

मोबाइलने नेमके हे बोलणेच काढून घेतले आहे. चावडीवरचा रेडिओ चारचौघांत ऐकला जाई. समाजमाध्यम पांघरुणाखाली एकट्याने पाहिले जाते, त्याला शेवटचे पान नसते, आणि आपल्या छायाचित्रास किती जणांची पसंती मिळाली हा आकडा मुलाला झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावासा वाटतो. दिवसातून तीन तासांहून अधिक वेळ ह्या माध्यमांवर घालविणाऱ्या कुमारांत नैराश्य व चिंता ह्यांच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचे अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी मे २०२३ मधील सूचनापत्रात नमूद केले. अर्थात कष्टी मूलही मोबाइलकडे अधिक वळते. कारण कोणते व कार्य कोणते, हे केवळ तासांच्या मोजणीवरून ठरत नाही. ते मुलाला विचारावे लागते.

विचारावयाचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात पोहोचल्यावर अधिक टोकदार होतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील दवनीवाडा झाडीपट्टीत मोडते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरावी, रात्रभर दंडार किंवा नाटक चालावे, आणि नातवाने आजीच्या शेजारी बसून ते पाहावे, ही झाडीपट्टीची जुनी रीत. ह्या परिसरातील मुलाची घरची बोली पोवारी, झाडीबोली वा गोंडी, शाळेची प्रमाण मराठी, गोंदियाच्या बाजारातील हिंदी, आणि मोबाइलवर तर बहुधा हिंदीच. मोबाइलवरील थट्टा त्याला एका भाषेत झोंबते; तिचे दुःख मात्र तो दुसऱ्या भाषेत जगतो. घरी तो ‘मन लागत नाही’ एवढेच म्हणतो, मित्रांत त्याचे ‘टेन्शन’ होते, आणि दवाखान्याच्या कागदावर ‘नैराश्य’. पहिल्या शब्दाला आई आळस समजते, तिसरा शब्द तिच्या कानावर कधी पडलेलाच नसतो.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर कोणाही मुलाला विनामूल्य बोलता येते, आणि तिच्या २० भाषांत मराठी व हिंदी आहेत. पोवारी व झाडीबोली त्यांत नाहीत. म्हणून तो क्रमांक फिरविण्यापूर्वीचे पहिले वाक्य ऐकण्याचे काम गावातच व्हावयास हवे : शाळेतील शिक्षकाकडून, आशा कार्यकर्तीकडून, किंवा दंडारीत काम करणाऱ्या एखाद्या थोरल्या मुलाकडून. वडगावने सात ते साडेआठ हा वेळ मोकळा करून दाखविला. पुण्याच्या मंडळांनी त्या वेळात काय करावयाचे ते ६६ वर्षे आधी दाखविले होते. दोहोंचा सांधा अद्याप कोणत्याही ग्रामसभेच्या ठरावात जुळलेला दिसत नाही. वडगावच्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा असे ठरले होते; आदल्या रात्री मोबाइलवर काय पाहिले, हे त्यांना कोणी विचारावे, असे त्यात नव्हते.