आग्या मधमाशी
महाराष्ट्रातील मधमाश्यांमध्ये आकाराने सर्वांत मोठी माशी. शास्त्रीय नाव एपिस डॉर्साटा. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. आग्या मात्र उंच फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच उघडे पोळे लटकवते. ते मीटरभर रुंद असू शकते.

भिंत नसल्याने आडोसा माश्यांनाच करावा लागतो. हजारो कामकरी माश्या एकमेकींना बिलगून पोळ्यावर जिवंत पडदा धरतात. गांधीलमाशी जवळ आली की त्या क्रमाक्रमाने पोट वर उचलतात आणि साऱ्या पोळ्यावरून लाट सरकते. सामूहिक संरक्षणाचा इतका देखणा प्रकार कीटकसृष्टीत विरळाच! मधाचा साठा पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात असतो, अंडी-अळ्या खालच्या भागात. एका झाडावर अनेक मोहोळे शेजारी नांदतात. फुलोरा सरला की वसाहती स्थलांतर करतात, आणि पुढच्या हंगामात बहुधा त्याच झाडावर परततात.

ही माशी पेटीत पाळता येत नाही; तिचा मध उघड्या पोळ्यातूनच काढावा लागतो.

जुन्या पद्धतीत रात्री टेंभा लावून अख्खे पोळे कापत. माश्या होरपळत, पिल्लावळ मरे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात डॉ. गोपाल पालीवाल यांनी अहिंसक मधसंकलनाची पद्धत रुजवली आणि मेळघाटातील कोरकू आदिवासींनाही तिचे प्रशिक्षण दिले. संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापला जातो. अळ्या वाचतात, वसाहत टिकते आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध काढता येतो.