मोटारीचा जीर्णोद्धार

शेगावच्या स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की कचोरीच्या पाट्या सुरू होतात. एक पाटी म्हणते ‘अस्सल’, दुसरी म्हणते ‘ओरिजिनल’, तिसरी म्हणते ‘एकमेव ओरिजिनल’ आणि चौथी बजावते की ‘आमची कुठेही शाखा नाही’. ही चौथी पाटी मी तीन ठिकाणी वाचली आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५०च्या सुमारास इथे कचोरी तळायला घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्या आगगाड्यांनी ती दूरदूर नेली, आणि नाव झाल्याबरोबर अस्सलपणाचा वाद सुरू झाला. पण कचोरीचं एक बरं असतं. वाद कितीही पेटला तरी पुरावा पाच मिनिटांत पोटात जातो आणि प्रकरण निकालात निघतं.

मोटारीचं तसं नाही. मोटार खाता येत नाही. उलट तीच माणसाला खाते, असं आमचे शेजारचे काका सांगतात, आणि त्यांच्याकडे जुनी जीप असल्यामुळे त्यांचा शब्द प्रमाण मानावा लागतो. जगातल्या जुन्या शर्यतीच्या मोटारींच्या लिलावात अस्सल की दुरुस्त या एका प्रश्नावर इतका पैसा टांगलेला असतो की ऐकून पोटात गोळा यावा.

आकडा सांगतो, जरा टेकून बसा. २०२२च्या मे महिन्यात जर्मनीत स्टुटगार्टला मर्सिडीज कंपनीच्या संग्रहालयात एक मोटार लिलावात गेली. १९५५ सालची. उलेनहाउट नावाच्या इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाणारी. किंमत आली साडेतेरा कोटी युरो. आपल्या हिशेबाने तेव्हाचे सुमारे अकराशे कोटी रुपये! आणि बसायला जागा दोघांनाच. सामान ठेवायचं म्हटलं तर बायकोला एस. टी.ने पाठवावं लागेल.

एवढे पैसे कशाचे? पत्र्याचे नव्हेत. पत्रा अकोल्याच्या भंगारवाल्याकडे किलोवर जातो. त्या जातीच्या दोनच मोटारी झाल्या, दोन्ही जन्मापासून कंपनीच्याच घरात राहिल्या, त्यामुळे त्यांच्या कुळाबद्दल कुणाला शंका नव्हती. पैसे पडले ते या निःशंकतेचे.

या लिलावाच्या जगात मोटारीची पत्रिका पाहतात. चासीवर ठोकलेला नंबर हे गोत्र. इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर हे कारखान्याच्या जुन्या वहीशी ताडून बघायचे. सगळे जुळले तर ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे आपल्या भाषेत छत्तीस गुण. फेरारीने १९६२ ते ६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाची शर्यतीची गाडी काढली, त्यासुद्धा योगायोगाने छत्तीसच. नवी होती तेव्हा अठरा हजार डॉलरच्या आसपास मिळायची, पण पैसे असून भागत नसे. एन्झो फेरारींना गिऱ्हाईक पसंत पडावं लागे. २०१८ साली अमेरिकेत यातली एक गेली चार कोटी चौऱ्यांशी लाख डॉलरला. तेव्हा मूळ गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी ‘गाडी जुनी झाली’ म्हणून दोन-तीन वर्षांत विकून टाकली, त्यांच्या नातवंडांची मनःस्थिती मी समजू शकतो.

पत्रिका आली की खोटी पत्रिका आलीच. शर्यतीत चुरा झालेल्या गाडीची चासी एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे जातं. दोघंही आपापल्या तुकड्याभोवती अख्खी गाडी उभी करतात, आणि मग एकाच नंबराच्या दोन गाड्या जगात फिरायला लागतात. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर दोन भाऊ नांगर घेऊन उभे राहतात ना, तसंच.

अशा प्रकरणात निकाल द्यायचा तरी कसा? १९९० साली लंडनच्या हायकोर्टापुढे नेमका हाच पेच आला. गाडी होती बेंटले कंपनीची, लाडाचं नाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकलेली. मालकाने ती एका कोटी पौंडांना विकायचा सौदा केला, आणि सौदा ठरल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, ही ती गाडीच नाही! बोलणं अगदीच वावगं नव्हतं. गाडी शर्यतीत धावत होती तोवर तिचं काही ना काही बदलतच गेलं. चासी बदलली. इंजिन बदलून मोठं, आठ लिटरचं आलं. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ती कठड्यावरून खाली गेली आणि चालवणारे क्लाइव्ह डन्फी जागीच गेले. मग पुन्हा बांधणी, वर छपराची बॉडी, पुढे केव्हातरी परत जुन्यासारखी बॉडी. कोर्टात तज्ज्ञांनी स्क्रू-स्क्रू तपासला तेव्हा विजयाच्या दिवसांतलं म्हणावं असं जे उरलं होतं ते गिअरबॉक्सचं कवच, स्टिअरिंगचा दांडा, असलं बोटांवर मोजण्याइतकं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजोबांची दमणी आठवली. मोटार हे विदर्भाचं वाहन फार उशिराचं. त्याआधी आमची स्पोर्ट्स कार म्हणजे दमणी: हलकी, दोन चाकांची, वर छप्पर, आणि पुढे अशी बैलजोडी की लग्नाच्या वरातीत दुसऱ्याची दमणी पुढे गेली तर घरी येऊन जेवण गोड लागू नये. (खरी शर्यत शंकरपटात. तो २०१४ साली कोर्टाने बंद केला आणि २०२१च्या अखेरीस परत सुरू करू दिला. मधली सात वर्षं आमच्याकडे कित्येकांनी सुतकात काढली.) तर या दमणीचे आरे सुताराने दोनदा बदलले होते, लोखंडी धाव तीनदा चढली होती, आख मोडून नवा आला होता, जू तर दर चार-पाच वर्षांनी. एकदा मी शाळकरी शहाणपणाने आमच्या सालदाराला विचारलं, की मग ही आजोबांची दमणी कशी? तो बैलाच्या गळ्यातली घंटा पुसत म्हणाला, “काहून? तुह्ये दुधाचे दात पडले, नवे आले. मंग तू कोन्या दुसऱ्याचा पोरगा झाला का?”

लंडनच्या न्यायमूर्ती ऑटन यांनी पुष्कळ पानं खर्च करून जवळजवळ हेच सांगितलं. ही गाडी १९२९ साली होती तशीच्या तशी नाही हे खरं. पण ती मोडून संपली आणि मग कुणी नव्याने जुळवली असंही कधी झालं नाही. धागा कुठेच तुटला नाही. सबब हीच ‘ओल्ड नंबर वन’, आणि गिऱ्हाइकाने मुकाट्याने पैसे मोजावेत. आमच्या सालदाराला यासाठी वकील लागला नव्हता.

म्हणजे वापरता वापरता केलेली दुरुस्ती अस्सलपणाला मारत नाही. मग मारतं काय? तर नवं दिसण्याची हौस. पन्नासेक वर्षांपूर्वी या शौकिनांची रीत अशी होती, की जुनी गाडी मिळाली की तिला हाडापर्यंत सोलायचं. जुना रंग खरवडायचा, चामडं फाडून नवं लावायचं, आणि कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी चकचकीत करून प्रदर्शनात उभी करायची. त्या गाड्यांना बक्षिसंही मिळायची. पुढे पुढे लोकांच्या लक्षात आलं, की रंगाबरोबर साक्षीदारही खरवडला जातो. शर्यतीत उडालेल्या खड्याचा टवका, ड्रायव्हरच्या कोपराने झिजलेलं दार, कारखान्यातल्या कुणी खडूने आतल्या बाजूला लिहिलेला आकडा हे एकदा गेलं की गेलं. गाडी परत परत नवी करता येते. जुनी मात्र एकदाच होते.

मग वारं फिरलं, आणि इतकं फिरलं की धुळीला भाव आला. बुगाटी कंपनीची १९२५ सालची एक छोटी गाडी. सांगतात की जकात भरली नाही म्हणून स्वित्झर्लंडच्या जकातवाल्यांनी ती माज्जोरे सरोवरात साखळीने सोडली, साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. सत्तरएक वर्षं पाण्यात राहून २००९ साली बाहेर आली ती अर्धी गंज होऊनच. २०१०च्या जानेवारीत पॅरिसला तिचे दोन लाख साठ हजारांवर युरो आले, आणि घेणाऱ्याने ती दुरुस्त न करता, गंजासकट, कॅलिफोर्नियाच्या संग्रहालयात मांडली. त्यावर कडी झाली २०१५ साली. फ्रान्समधल्या बायों नावाच्या मालवाहतूकदाराच्या वाडीवर पडवीत आणि गोठ्यासारख्या छपरांखाली पन्नासावर जुन्या गाड्या वर्षानुवर्षं पडून होत्या. त्यात एक १९६१ची उघडी फेरारी, एके काळी सिनेनट आलँ दलों यांच्याकडे असलेली, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली. लिलाववाल्यांनी त्या गाड्या झटकल्यासुद्धा नाहीत. धुळीसकट हॉलमध्ये ठेवल्या. फेरारीला एक कोटी त्रेसष्ट लाख युरो आले. माझ्याही घरी माळ्यावर मासिकांचे गठ्ठे आहेत. खाली फक्त फेरारी नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परक्यांचं झालं. आपल्याकडे अशा गाड्या नव्हत्या का? होत्या की! जे. आर. डी. टाटा तरुणपणी मुंबईत बुगाटी उडवायचे; मुंबई-पुणे अंतर त्यांनी घाटातून अडीच तासांच्या आसपास कापल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच गाडीपायी खटला झाला, ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले, तिथे वकीलसाहेबांची पुतणी थेल्मा भेटली आणि १९३० साली लग्न झालं. लिलावाच्या भाषेत अशा गोष्टीला गाडीचा पूर्वेतिहास म्हणतात आणि तिचे वेगळे पैसे पडतात. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून लांबलचक बॉडी बांधून घेतली होती, संस्थानाच्या केशरी-काळ्या रंगात. संस्थानं गेली, आणि ती गाडी समुद्रापार गेली.

ज्या गाड्या इथेच राहिल्या त्यांना भेटलं पेट्रोल. १९७३ नंतर त्याचा भाव असा चढला की आठ-आठ सिलिंडरच्या डॉज आणि शेवरोले दारात उभ्या राहून रडायला लागल्या. मग आमच्या फिटर मंडळींनी त्यांची पोटं फाडून त्यात मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसवली. काकांच्या जीपमध्येही तेच आहे. ती चालू झाली की आळीतली पोरं शाळेची वेळ झाली म्हणून उठतात. पण मी तिला हसत नाही. तो न्यायमूर्ती ऑटन यांच्या कक्षेतला बदल आहे. गाडी चालती राहावी म्हणून केलेला, धागा न तोडता.

सरकारला अर्थात हे मान्य नाही. २०२१च्या जुलैत दिल्लीने नियम काढला, की पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात भरीव फेरफार नसलेली गाडी तीच ‘व्हिंटेज’. नोंदणीचे वीस हजार रुपये भरले की नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. मग ती प्रदर्शनाला, रॅलीला किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी. रोज वापरू नये. काकांनी हा नियम मन लावून ऐकला आणि म्हणाले, “म्हणजे चालवली तर जुनी नाही, आणि जुनी असली तर चालवायची नाही. आमच्या घरी हीच पद्धत आहे, पण ती माझ्या बाबतीत.”

काकांचं सोडा, नियमाचा हेतू चांगला आहे. निदान ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द तरी सरकारी कागदावर आले. मोटारीच्या निमित्ताने का होईना, ते आपल्या कानावर पडायला हवेत, कारण आपला लाडका शब्द जीर्णोद्धार. आमच्या जिल्ह्यात लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आहे. ते संरक्षित स्मारक, म्हणून त्याची नक्षी तुम्हाला अजून दगडात दिसते. पण गावोगावची हेमाडपंती देवळं पाहा. भाविकांनी वर्गणी काढून त्यांच्या खांबांना गुलाबी ऑइल पेंट दिला आहे, गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या फरश्या बसवल्या आहेत, आणि कुणा पाथरवटाने सात-आठशे वर्षांपूर्वी छिन्नीने काढलेल्या यक्षाच्या डोळ्यांत निळा रंग भरला आहे. भक्ती खरी, वर्गणी खरी, कष्टही खरे. शिवाय जो दगड ढळला तो बसवायलाच हवा. देऊळ पडू द्यावं असं कोण म्हणेल? पण ढळलेला दगड बसवणं हे दमणीला आरा घालण्यासारखं आहे. गुलाबी रंगाचं काम वेगळं. त्यात पाथरवटाचा हात पुसला जातो, आणि त्याचा नंबर कुठल्याच कारखान्याच्या वहीत नसतो.

फेरारीवरची धूळ झटकू नये एवढी अक्कल लोकांना आली ती एक कोटी त्रेसष्ट लाख युरोंच्या भीतीने. देवळांचा लिलाव होत नाही हे फार चांगलं आहे. फक्त त्यामुळे आपल्याला ती भीती नाही. म्हणून गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका खेड्यातली मंडळी जुन्या देवळासाठी वर्गणी मागायला आली, तेव्हा मी पैसे दिले आणि पावतीवर ‘पायऱ्या व गळती यासाठीच’ असं लिहून मागितलं. मंडळींतले एक आजोबा बराच वेळ पावतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाप्पा, रंगाचा डबा तं आनला आहे. पन आता दाराले लावतो.”