पायांनी राखलेली शांती



लोककार्यात पडलेल्या माणसाच्या वाटेवर दोन खड्डे असतात. अन्याय पाहून त्याचे रक्त तापते, आणि भांडता भांडता तो ज्याच्याशी भांडतो त्याच्याइतकाच कठोर होऊन बसतो. हा पहिला खड्डा. त्यातून वर यावे म्हणून तो एकांत धरतो. मन निवते खरे, पण अन्याय जेथल्या तेथे राहतो. हा दुसरा खड्डा. चित्त शांत असावे आणि हातचे कामही सुटू नये, हे कसे साधावे? गावात एखादी लहानशी चळवळ चालविलेल्या कोणालाही हा प्रश्न पडला असेल. इतिहासात त्याचे एक उत्तर पुन्हा पुन्हा सापडते, आणि ते अगदी साधे आहे. ते म्हणजे चालणे. पदयात्रांचा सरकारवर व जनतेवर काय परिणाम झाला, याची चर्चा पुष्कळ होते. चालण्याने चालणाऱ्याचे काय होते, हे आज आपण पाहू.

बौद्ध भिक्षूंच्या दिनक्रमात चंक्रमणाला फार जुने स्थान आहे. आखलेल्या वाटेवर सावकाश येरझारा घालावयाच्या, आणि पाऊल उचलले, पुढे नेले, टेकले, याचे भान सुटू द्यावयाचे नाही, अशी ही रीत. अंगुत्तरनिकायात तिचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, साधनेचे श्रम सोसतात, प्रकृती निरोगी राहते, अन्न पचते, आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. हा पाचवा लाभ आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. बसून मिळविलेली शांती उठल्याबरोबर ढळू शकते. चालत असता मिळविलेली शांती चालत्या कामातही टिकण्याचा संभव अधिक. आपल्याकडील वारकऱ्याला हे निराळे सांगावयास नको. टाळाच्या ठेक्यावर पाऊल आणि मुखी नाम, असे करीतच तो आळंदीहून पंढरपूर गाठतो. परंतु ही झाली साधना. जेथे घरे जळत आहेत तेथे हेच चालणे उपयोगी पडते काय, याची परीक्षा विसाव्या शतकात झाली.

१९४६ च्या ऑक्टोबरात पूर्व बंगालमधील नोआखालीत, म्हणजे आजच्या बांगलादेशात, हिंदू वस्त्यांवर हल्ले झाले. माणसे मारली गेली, घरे जळाली, सक्तीची धर्मांतरे झाली. त्याचा सूड पुढे बिहारात मुसलमानांवर उगवला गेला. नोव्हेंबरात गांधीजी नोआखालीस पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय ७७ होते. सोबत्यांना त्यांनी वेगवेगळ्या गावी राहावयास धाडले, आणि स्वतः श्रीरामपूर नावाच्या खेड्यात सुमारे सहा आठवडे मुक्काम केला. हा काळ त्यांच्या मनातील काळोखाचा होता. आपल्या अहिंसेत कोठे उणे पडले, याचा शोध ते स्वतःमध्येच घेत होते. २ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी काठी हाती घेतली आणि ते चालू लागले.

या यात्रेची गती लक्षात घेण्याजोगी आहे. १९३० साली साबरमतीहून दांडीला जाताना त्यांनी २४ दिवसांत २४१ मैल तोडले होते. म्हणजे दिवसाला सरासरी दहा मैल. नोआखालीत दोन महिन्यांत ४७ गावे झाली, आणि अंतर भरले अवघे ११६ मैल. दिवसाला दोन मैलसुद्धा पुरते नव्हेत. दांडीची वाट समुद्राकडे जात होती. ही वाट एका घरातून दुसऱ्या घराकडे जात होती. थोड्याच दिवसांत त्यांनी वहाणाही काढून ठेविल्या. भातखाचरांतील अरुंद बांध आणि ओढ्यांवर टाकलेले बांबूचे साकव, असा तो मुलूख. ते साकव ओलांडता यावेत म्हणून या वृद्धाने आधी सराव केला होता. काही ठिकाणी वाटेवर मुद्दाम घाण टाकलेली असे. ती दूर सारून यात्रा पुढे जाई. अनवाणी माणसाला प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते. साकवावरून जाणाऱ्याला कालचा संताप आणि उद्याची धास्ती ही दोन्ही ओझी खांद्यावर घेता येत नाहीत. आम्हांस असे वाटते की, ज्या मनाला विचारांनी उजेड सापडत नव्हता, त्याला या पावलांनी सावरले. मार्चच्या आरंभी ते तेथून निघाले, ते विश्रांतीस नव्हे. बिहारातील पीडित मुसलमानांकडे.

दुसरा दाखला आपल्या ओळखीचा आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनोबा ८ मार्च १९५१ रोजी वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाले. हैदराबादेजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. अंतर सुमारे ३०० मैल, वय ५५, पोटाचे दुखणे जुने. आश्रमात पैशावाचून जगण्याचा प्रयोग चालू होता. तेव्हा आगगाडीचा प्रश्नच नव्हता. संमेलन आटोपल्यावर ते शेजारच्या तेलंगणात शिरले. तेथे कित्येक वर्षे जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालला होता, आणि १९४८ पासून तो मोडण्यासाठी सरकारी फौज उतरली होती. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमधून हा माणूस पायी चालला. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी सभेतच उठून १०० एकर देऊ केली. भूदानाचा जन्म असा वाटेवर झाला. हे काही आधी आखलेले नव्हते. चालणारा तेथे पोहोचला, थांबला, त्याने विचारले आणि ऐकून घेतले, म्हणून ते घडले.

त्यानंतर विनोबा जवळजवळ तेरा वर्षे चालत राहिले, आणि १९६४ च्या एप्रिलात पवनारला परतले. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात निघावयाचे, सकाळी मुक्काम गाठावयाचा, दिवसा लोकांचे म्हणणे ऐकावयाचे, सायंकाळी प्रार्थना व प्रवचन, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा वाट. एखाद्या गावी जमीन मिळाली तरी सकाळी निघावयाचे, आणि नकार मिळाला तरी सकाळी निघावयाचे. यश डोक्यात चढू नये व अपयश काळजात रुतू नये, यासाठी याहून चांगली व्यवस्था आम्हांस तरी सुचत नाही.

तिसरा दाखला कंबोडियाचा. तेथे ख्मेर रूज राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, लाखो माणसे मेली. महाघोसानंद या भिक्षूंचे सारे कुटुंब त्यात नाहीसे झाले. ते स्वतः तेव्हा थायलंडच्या अरण्यातील एका विहारात ध्यान शिकत होते, म्हणून वाचले. तरुणपणी त्यांनी बिहारात नालंदा येथे अध्ययन केले होते, आणि जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी यांच्यापाशी शिक्षण घेतले होते. हे फुजी १९३३ साली वर्ध्यास गांधीजींना भेटलेले होते. तेव्हा हा धागाही आपल्या परिचयाच्या गावातून गेलेला आहे. १९९२ साली महाघोसानंदांनी थायलंडच्या सरहद्दीवरून परतणाऱ्या निर्वासितांना घेऊन राजधानीपर्यंत पहिली धम्मयात्रा काढली. वाटेच्या दोन्ही अंगांना सुरुंग पेरलेले होते. पाऊल जपून टाकणे हा तेथे ध्यानाचाही नियम होता आणि जीव वाचविण्याचाही. १९९४ च्या यात्रेत दोन सैन्यांच्या गोळीबारात सापडून एक भिक्षू व एक भिक्षुणी मृत्युमुखी पडली. तरीही यात्रा पुढील वर्षी निघाली.

आता हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नोआखालीच्या पावलांनी फाळणी टळली नाही. भूदानाचा संकल्प पाच कोटी एकरांचा होता. दानपत्रे चाळीस लाखांहून अधिक एकरांची झाली, आणि त्यांतही पुष्कळ जमीन नापीक किंवा तंट्यातली निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. दानाच्या गोडव्यात कायद्याची मागणी सौम्य झाली, असे टीकाकार म्हणतात. ते बोलणे झिडकारण्याजोगे नाही. यात्रेच्या मागे सात-बारा पाहणारा, मोजणी करणारा व वर्षभराने पुन्हा चौकशीस जाणारा माणूस लागतो. तो जेथे नव्हता, तेथे कागद कागदच राहिले. चालणे हे संघटनेची जागा घेऊ शकत नाही, आणि कायद्याचीही नाही.

मग त्याने काय साधले? आमचे उत्तर असे की, त्याने माणूस टिकविला. गांधीजी नोआखालीहून कडवट होऊन परतले नाहीत. दुसऱ्या बाजूच्या जखमा पाहावयास गेले. महाघोसानंदांच्या घरचे कोणी उरले नव्हते, आणि तरीही ज्यांनी मारले त्यांच्याही गावावरून ते शांतपणे चालले. द्वेषाने पेटलेली माणसे अशी वर्षानुवर्षे चालू शकत नाहीत. ती लवकर थकतात, नाही तर लवकर वार करतात.

आपल्यापुढे तेरा वर्षांची यात्रा नाही. पाण्याची, गटाराची, शाळेच्या गळक्या छपराची तक्रार घेऊन आपण फार तर नगरपालिकेच्या दारी जाऊ. तेव्हा एवढे करून पाहावे. ज्या गल्लीची तक्रार आहे ती आधी पायाखाली घालावी, तिच्यातल्या चार घरी थांबावे, आणि तेथून कचेरीपर्यंत वाहनाने न जाता, घोषणा न देता, श्वास आणि पाऊल यांच्याकडे लक्ष ठेवून चालत जावे. दारात पोहोचेपर्यंत राग निवलेला असेल आणि तक्रार मात्र पहिल्यापेक्षा नेमकी झालेली असेल. समोरच्या खुर्चीवरील माणसाला शिवी ऐकण्याची सवय असते. शांतपणे सांगितलेल्या नेमक्या गोष्टीला उत्तर द्यावे लागते. आणि त्या दिवशी उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा निघण्याइतके बळ आपल्या पायांत शिल्लक राहिलेले असेल.