रोहित्राचा नाद

मडकं घेताना आपण टिचकी मारतो. नाद खणखणीत आला तर घ्यायचं. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. दोनशे टनांच्या रोहित्राचीही (ट्रान्सफॉर्मरची) आज अशीच पारख होते.

या पारखीच्या मुळाशी आहे ‘इंपीडन्स’. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडचा, 1886 सालचा. तार कंपनीतली नोकरी चोविसाव्या वर्षी सोडून घरी बसलेला हा माणूस. तारेचा रोध, वेटोळ्याचं प्रेरण आणि धारिता मिळून एसी प्रवाहाची जी अडवणूक करतात, तिला त्याच्यामुळे नाव मिळालं. ही अडवणूक वारंवारतेनुसार बदलते. रोहित्राच्या पाटीवर मात्र ती एकाच वारंवारतेची, टक्क्यांत कोरलेली असते.

तेवढ्यानं भागत नाही. बाहेर शॉर्टसर्किट झालं आणि प्रवाह दहापट वाढला, की वाइंडिंगवरचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवरचं, बल शंभरपट होतं. आतलं वाइंडिंग लोखंडी गाभ्याकडे दबतं. रोहित्र तरीही चालत राहतं, 50 हर्ट्झवरचा आकडा जेमतेम हलतो, आणि पुढच्या धक्क्याला ते जातं. तेल काढून टाकी उघडणं म्हणजे मोठा खटाटोप.

पोलंडच्या लेख आणि टिमिन्स्की यांनी 1966 मध्ये टाकी न उघडता तपासण्याचा मार्ग दाखवला: एका टोकाला कमी दाबाचा विद्युत्-ठोका द्यायचा आणि प्रतिसाद ऑसिलोस्कोपवर पाहायचा. थेट टिचकीच! पण केबल जरा सरकली तरी आकृती बदलायची. कॅनडात ओंटारिओ हायड्रोच्या डिक आणि एर्व्हेन यांनी 1978 मध्ये प्रतिसाद वारंवारतेनुसार उलगडून मांडला. माझ्या मते खरी कलाटणी हीच. कारण आता आलेखाचा कुठला भाग हलला, यावरून बिघाडाची जागा सांगता येऊ लागली: साधारण 2 किलोहर्ट्झच्या खाली गाभा बोलतो, 20 किलोहर्ट्झच्या वर वाइंडिंगची घडण.

प्रत्यक्ष चाचणी साधी दिसते. काही व्होल्टचा सिग्नल, 20 हर्ट्झपासून 2 मेगाहर्ट्झपर्यंत. पण बुशिंगच्या (टाकीतून तार बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) बुडाशी अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळली, तर वरच्या वारंवारतेचा आलेख फसवतो. आधी रंग खरवडून लख्ख धातू दिसला पाहिजे.

2012 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाचं (आयईसी) या चाचणीसाठी 60076-18 हे मानक आलं. त्याचा जीव तुलनेत आहे: आजचा आलेख त्याच रोहित्राच्या जुन्या आलेखावर ठेवायचा. जुना नसेल तर तिन्ही फेज एकमेकींशी ताडायच्या. तिथे नवखा हमखास दचकतो. कडेच्या दोन फेजच्या आलेखात सुरुवातीला दोन खळगे, मधलीच्या आलेखात एकच. तो बिघाड नव्हे. गाभ्याच्या मधल्या खांबातून निघालेल्या चुंबकीय प्रवाहाला परतीच्या दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या असतात.