अनुभवाची परीक्षा

वैद्याची थोरवी त्याच्या अनुभवात असते, ही समजूत फार जुनी आहे. शेकडो रोगी ज्याच्या हातून बरे झाले, त्याच्या शब्दाला मान मिळावा हे स्वाभाविकच होय. परंतु रोगी औषधाने बरा झाला, की औषधावाचूनही झाला असता, याचा निवाडा एकट्या अनुभवाला करता येत नाही. तो करावयाचा तर औषध घेणारे आणि न घेणारे, अशा दोन्ही समूहांची काटेकोर मोजदाद हवी. ही मोजदाद शिकविणारी विद्या म्हणजे क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी. साथींचा अभ्यास करताना घडलेली गणिताची शिस्त तिने रुग्णाच्या खाटेपाशी आणली.

हे नाव १९३८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जॉन पॉल यांनी रूढ केले. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र रोग्याचे कुटुंब आणि परिसर होता. आजचा अर्थ तिला आला तो १९६० नंतरच्या दशकात. येल येथेच आल्व्हन फाइनस्टीन यांनी त्याची मांडणी केली, आणि १९६७ मध्ये डेव्हिड सॅकेट हे अवघ्या ३२ वर्षांचे डॉक्टर कॅनडातील हॅमिल्टन शहरी मॅक्मास्टर विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग उभारण्यासाठी आले. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम आखणी, मापन आणि मूल्यमापन या नावाने ओळखला जाई. त्या तीन शब्दांतच संशोधकाने काय शिकावयाचे, ते सारे आले.

या शिक्षणावाचून काय अनर्थ होतो, याचा दाखला हृद्रोगाच्या इतिहासात आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचे ठोके अनियमित पडत, त्यांना मृत्यूचा धोका अधिक असे. सबब ठोके नियमित करणारी औषधे प्राण वाचवतील, हा तर्क सर्वांना पटला आणि ती सर्रास दिली जाऊ लागली. अखेर रीतसर चाचणी झाली. अशी दोन औषधे घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, तर निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके सुधारत होते आणि माणसे मरत होती! १९८९ साली त्या औषधांची चाचणी थांबवावी लागली.

ही विद्या श्रीमंत देशांपुरती राहू नये म्हणून रॉकफेलर प्रतिष्ठानने १९८० साली एक आंतरराष्ट्रीय योजना सुरू केली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथील तरुण डॉक्टर मॅक्मास्टर, पेनसिल्व्हेनिया, ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल अशा विद्यापीठांत शिकू लागले. प्रश्न मायदेशाचा घ्यावयाचा, आणि परतून संशोधनही तेथेच करावयाचे, हा या योजनेचा कणा होता. भारतात दिल्ली, लखनौ आणि चेन्नई येथे अशी केंद्रे निघाली. तेथे वैद्यांच्या शेजारी संख्याशास्त्रज्ञही बसला.

सॅकेट यांनी स्वतः हा धडा अखेरपर्यंत गिरवला. नामवंत प्राध्यापक झाल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, आपले रुग्णचिकित्सेचे ज्ञान मागे पडल्याचे ओळखून ते पुन्हा निवासी डॉक्टर म्हणून शिकावयास उभे राहिले. ते २०१५ मध्ये निवर्तले. अनुभवाला शंका विचारण्याने अनुभवाचा मान कमी होत नाही. त्या शंकेचे उत्तर मिळाल्यावरच तो अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.