रीपॅक : भंगारातून घडलेली डाउनहिल सायकल

२१ ऑक्टोबर १९७६. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर काही तरुण आपल्या वडिलांच्या पिढीतल्या सायकली घेऊन जमले होते. समोर साधारण तीन किलोमीटरची मातीची वाट, १३०० फुटांचा उतार आणि अवघड वळणे. आजच्या डाउनहिल सायकलीची वंशावळ शोधत गेल्यास ती या वाटेपाशी पोहोचते. 🧵

आधी त्या सायकलींविषयी. १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने रुंद 'बलून' टायरची सायकल अमेरिकन बाजारात आणली. २६ इंची चाक, दोन इंचांहून रुंद टायर, पोलादी फ्रेम. घरोघरी वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांनी वर्षानुवर्षे झिजवूनही ती टिकत असे. १९७० च्या दशकात अशा फ्रेम भंगारात किरकोळ किमतीला मिळत. मरिनचे तरुण त्यांना 'क्लंकर' म्हणत, म्हणजे खडखडणारे धूड. वजन वीस किलोच्या आसपास!

वाटेचे नाव 'रीपॅक' कसे पडले, यातच पुढचा सारा इतिहास आहे. या सायकलींना मागच्या हबमध्ये कोस्टर ब्रेक असे. पायडल उलटे दाबले की चाक थांबे. तीव्र उतारावर सतत ब्रेक दाबून हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. पायथ्याशी पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत हे 'पुन्हा भरणे' म्हणजेच रीपॅक.

चार्ली केली यांनी भरवलेल्या या शर्यतीत स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक करून सुटत. खाली घड्याळ निर्णय देई. पहिली शर्यत ॲलन बाँड्स यांनी जिंकली. गॅरी फिशर यांचा विक्रम ४ मिनिटे २२ सेकंदांचा, तर जो ब्रीझ यांची सर्वोत्तम वेळ त्याहून अवघे दोन सेकंद जास्त. आकडे किरकोळ वाटतात. पण कोणता सुटा भाग चांगला, हा वाद मिटवायला त्यांच्याइतके निःपक्षपाती पंच दुसरे नव्हते.

मग एकेक भाग बदलू लागला. फिशर यांनी आपल्या क्लंकरला ड्रम ब्रेक बसवले, ते ओढायला मोटारसायकलीचे लिव्हर लावले, आणि चढण चढता यावी म्हणून डिरेलर गिअर जोडले. मात्र येथे एक पाटी वाचायची राहून जाते. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅली येथील सायक्लोक्रॉस शर्यतीत क्यूपर्टिनोचे काही तरुण गिअर बसवलेल्या जाड टायरच्या सायकली घेऊन आले होते. रस महॉन त्यांपैकी एक. मरिनकरांनी त्या सायकली पाहिल्या. क्यूपर्टिनोचा गट पुढे कथेतून जवळजवळ नाहीसा झाला. म्हणूनच माउंटन बाइकचा एकच 'जनक' शोधणारी वर्णने सावधपणे वाचावीत.

ब्रेक सुधारले, वेग वाढला, आणि आता जुन्या फ्रेम मोडू लागल्या. केली यांनी आधी क्रेग मिचेल यांच्याकडून व नंतर ब्रीझ यांच्याकडून फ्रेम बनवून घेतली. ब्रीझ रस्त्यावरच्या शर्यतींचे सायकलपटू आणि फ्रेम बनवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले कारागीर. त्यांनी १९७७ मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांतून 'ब्रीझर' घडवली. ती जुन्या सांगाड्याची डागडुजी नव्हती. सर्व भाग नवे होते. पहिल्या मालिकेत अशा दहा झाल्या. ब्रीझर क्रमांक १ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

नळ्या नव्या असल्या तरी मोजमापे मात्र ब्रीझ यांनी जुन्या श्विन एक्सेल्सियरवरूनच घेतली. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत हँडलखालची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते. एक्सेल्सियरमध्ये हा कोन ६८ च्या आसपास होता. नळी जितकी कललेली, तितके पुढचे चाक स्वाराच्या पुढे राहते आणि उतारावर तोंडावर आपटण्याचा धोका घटतो. आजच्या डाउनहिल सायकलींत हाच कोन ६३ अंशांपर्यंत उतरला आहे.

१९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम विकायला 'माउंटनबाइक्स' हा व्यवसाय काढला. त्या नावावर मालकी हक्क मिळाला नाही. ते सर्वांचेच सामान्यनाम झाले.

हादरे मात्र अजून स्वाराचे हात आणि गुडघेच सोसत होते. मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये 'रॉकशॉक्स'चा आरएस-१ फोर्क आणला. तो जेमतेम दोन इंच दबे. १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्ड याच फोर्कवर डाउनहिलचे विजेते ठरले. त्यानंतर प्रवास झपाट्याने लांबला : आजचा डाउनहिल फोर्क सुमारे २०० मिलिमीटर दबतो आणि मोटारसायकलीसारखा दोन आडव्या पट्ट्यांनी धरलेला असतो.

इतका प्रवास कशासाठी? केवळ आरामासाठी नव्हे. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. दगडावरून गेलेले चाक तत्काळ जमिनीवर परतले पाहिजे. मागच्या बाजूला ही गोष्ट अधिक अवघड, कारण चाक वर-खाली झाले की चेन ताणली जाते आणि पायडलला झटका बसतो. हॉर्स्ट लाइटनर यांनी मागच्या आसाच्या किंचित पुढे एक बिजागर ठेवून पायडल व ब्रेकचा सस्पेन्शनवर होणारा परिणाम कमी केला. 'हॉर्स्ट लिंक' हे नाव त्यावरूनच.

कारखान्यांनी हे सारे उचलल्यावरही स्वतःच्या गरजेप्रमाणे सायकल घडवून घेण्याची परंपरा संपली नाही. सात वेळा जागतिक डाउनहिल विजेते ठरलेले फ्रान्सचे निकोला व्हुयोझ यांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात स्वतःचा संघ उभारला आणि त्यासाठी खास बनवलेल्या 'व्ही-प्रोसेस' सायकली शर्यतीत उतरवल्या.