भायखळ्याचा बहावा, शिवडीचा गुलमोहर

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)



फेब्रुवारी संपत आला की दरवर्षी एक फोटो आपल्या फोनवर येतोच. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, विक्रोळीचा पट्टा, आणि कडेला गुलाबी फुलांनी डवरलेली झाडं. पान जवळजवळ दिसतच नाही. खाली लिहिलेलं असतं, ‘हे जपान नव्हे, ही आपली मुंबई!’ कुणी तर सरळ चेरी ब्लॉसमच म्हणून टाकतं.

तर ती चेरी नाही. त्या झाडाचं नाव टॅबेबुया रोझिया. ते मूळचं मेक्सिकोपासून इक्वाडोरपर्यंतच्या पट्ट्यातलं, आणि एल साल्वादोर या देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. हे कळल्यावर साहजिकच एक प्रश्न पडतो, आणि आजचा भाग त्यावरच आहे. मुंबईत फुलणारी ही झाडं आली कुठून? आणि ती यायच्या आधी इथे काय फुलत होतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी घेऊ, कारण ते आपण लोकलमध्ये रोज ऐकतो. स्टेशनांची नावं! चिंचपोकळीतली चिंच तर कुणालाही दिसेल. पण परळ? मुंबई शहराच्या १९०९ च्या गॅझेटियरमध्ये या नावाचा संबंध पाडळ या झाडाशी जोडला आहे. आणि भायखळा? तिथे दोन शक्यता दिल्या आहेत. एक, भाया नावाच्या कुणाचं तरी खळं. दुसरी, ‘भाया’ म्हणजे बहावा, आणि त्या बहाव्याजवळचं खळं. नावांच्या व्युत्पत्तीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे खरं. पण उंबराची खाडी म्हणजे उमरखाडी, फणसाची वाडी म्हणजे फणसवाडी, अशी नावं एकापुढे एक मांडली की सात बेटांचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतंच. लोक ठिकाणं झाडांवरून ओळखत होते.

आता जरा मागे जाऊ, पोर्तुगीज काळात. गार्सिया द ऑर्ता हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात एक प्रकरण आहे ‘दुःखी झाडा’वर. हे दुःखी झाड म्हणजे आपला पारिजातक! रात्री फुलतो आणि सकाळी सगळा सडा जमिनीवर, म्हणून दुःखी. पुढे १७५३ मध्ये लिनियसने त्याला जे शास्त्रीय नाव दिलं, त्यात ‘आर्बोर-ट्रिस्टिस’ हेच शब्द आहेत. म्हणजे पावसाळा सरताना आपल्या अंगणात जो सडा पडतो, त्याचं दुःख जगभरच्या वनस्पतिशास्त्रात नोंदलेलं आहे.

आता पाहुण्यांकडे वळू. सगळ्यात लाडका पाहुणा म्हणजे गुलमोहर. मे महिन्याची सुट्टी, शाळेचं रिकामं पटांगण आणि लालभडक गुलमोहर. त्याच्या कळ्या सोलून नखांना चिकटवणं, पुंकेसरांची लढाई लावणं! इतकं आपलं वाटणारं हे झाड मूळचं मादागास्करचं. वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तिथे पाहिलं आणि १८२९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. मुंबईत ते १८४० च्या सुमारास शिवडीत दिसल्याची नोंद सांगितली जाते. म्हणजे शिवाजी महाराजांनी किंवा तुकोबांनी गुलमोहर पाहिला असण्याची शक्यताच नाही. थोडं विचित्र वाटतं ना ऐकायला?

आणि शिवडीच का? तर त्या काळी अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती. परदेशी रोपं आणायची, लावून बघायची, जगतात का ते पाहायचं, हा अशा संस्थांचा उद्योगच होता. गुलमोहर त्याच बागेतून पसरला असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण जागा आणि काळ जुळतात, एवढं नक्की. पुढे शिवडीच्या जागेवर दफनभूमी झाली आणि सोसायटीची बाग गेली भायखळ्याला. १८६२ मध्ये लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तीच आपली राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८७३ मध्ये ती महापालिकेकडे आली. आपण तिथे हत्ती नाहीतर पेंग्विन बघायला जातो. पण ती मुळात झाडांची बाग आहे. थंडी सरताना तिथे उर्वशी फुलते. ब्रह्मदेशातलं हे झाड, लाल झुंबरं लोंबावीत तशी त्याची फुलं. एकदा तरी तेवढ्यासाठी जा.

गंमत बघा. बहाव्याचं नाव मिरवणाऱ्या गावात जगभरच्या झाडांची बाग उभी राहिली! मुंबईचं सगळं या एका चित्रात आलं. देशी झाडं नावांत उरली आणि रस्त्यावर पाहुणे आले.

मग पाहुणे वाईट का? मला तसं वाटत नाही. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांचं सुंदर भारतीय वृक्षांवरचं पुस्तक १९३७ मध्ये आलं. त्यात पळस, बहावा आहेत तसा गुलमोहरही आहे. मुद्दा वेगळाच आहे. रस्त्यावरचं प्रत्येक झाड हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. आज रस्ता रुंद करताना किंवा पावसात झाड पडल्यावर त्या जागी काय लावायचं, हा निर्णय आपल्याच काळात होतोय. तिथे आपलं राज्यपुष्प ताम्हण का नको? उन्हाळ्यात जांभळी फुलं देणारं हे झाड कोकणातलंच. आणि परळच्या रस्त्यावर एखादी पाडळ का नको?

पण एक फूल असं आहे की ते कुणी लावू शकत नाही. कारवी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या, येऊरच्या उतारांवर ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. २००८, २०१६, २०२४. जंगलातल्या पाड्यांवर घरांच्या कुडाला तिच्याच काठ्या वापरतात. सात वर्षं ती नुसती हिरवी झुडपं असते, मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळा डोंगर निळा-जांभळा होतो, बी धरतं आणि झुडूप मरतं. आता विचार करा, सातव्या वर्षी तो उतार खणला तर? बी नाही, पुढची पिढी नाही. आणि ज्याने खणला त्याला तिथे फक्त झुडपं दिसली असणार.

पुढची फुलोऱ्याची पाळी २०३२ ची. लिहून ठेवा. तोवर दरवर्षी पाहण्यासारखं भरपूर आहे. फेब्रुवारीत पांगारा, पळस आणि काटेसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, पावसाच्या उत्तरार्धात पारिजातक. तुमच्या गल्लीत यातलं काय आहे ते बघा. आणि भायखळ्यात कुणाला फुललेला बहावा दिसला, तर आम्हाला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!